वरून दिसतं ते बांधावर पोचू द्या

१ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात 'किसान ड्रोन'बद्दल एक वाक्य होतं. पिकांचं मूल्यमापन, जमिनीच्या नोंदींचं डिजिटायझेशन आणि कीटकनाशकं व पोषकद्रव्यांची फवारणी यासाठी ड्रोनच्या वापराला चालना दिली जाईल, असा त्याचा आशय. त्यातला कामांचा क्रम बघा. पीक बघणं पहिलं, फवारणी शेवटची. गावात मात्र ड्रोन आला तो औषधाची टाकी घेऊनच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १,२६१ कोटी रुपये आणि १५ हजार महिला बचत गट ठरवले गेले, आणि त्या बायकांनी भाड्याने करायचं मुख्य काम खत-औषध फवारण्याचंच आहे. पिकाकडे बघणारा ड्रोन कृषी प्रदर्शनाच्या मंडपात दिसतो, एखाद्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर दिसतो. शिवारात तो क्वचितच येतो.

फवारणीच्या ड्रोनला माझा विरोध नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाठीवर पंप बांधून डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरणारा माणूस त्या विषाच्या धुक्यातून बाहेर येत असेल, तर ते यंत्र आलंच पाहिजे. पण फवारायचं काय, कुठे, आणि मुळात फवारायची गरज आहे का, हे ठरायच्या आत टाकी भरली जाते, हे आपल्या शेतीचं जुनं दुखणं आहे. हातपंपाने होणारी चूक ड्रोनने केली, तर ती जास्त वेगाने होईल एवढाच फरक. एकराला सात-दहा मिनिटं.

माझं म्हणणं असं : ड्रोनचा पहिला उपयोग बघण्यासाठी व्हावा, आणि जे दिसेल ते ज्याचं शेत आहे त्याच्या हातात, त्याच्या भाषेत, त्याच्या गट नंबरासह पडावं. नुकसानीच्या वेळी त्याला पुरावा म्हणून किंमत असावी. आज आकाशातून काढलेलं चित्र वरच्या वर जातं, विमा कंपनीकडे, सरकारी विभागाकडे, ॲप काढणाऱ्या कंपनीकडे. खाली बांधावर काही येत नाही.

आमची शेती लातूर जिल्ह्यात. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने प्रात्यक्षिक ठेवलं होतं. चार-सहा दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं होतं. ड्रोन घेऊन आलेल्या मुलाने आधी एक राखाडी पाटी जमिनीवर ठेवली आणि तिचा फोटो घेतला. त्या दिवशीचं ऊन किती, हे त्यावरून कॅमेऱ्याला कळतं आणि मग आजच्या फोटोची तुलना पंधरा दिवसांनंतरच्या फोटोशी करता येते. उड्डाण वीस मिनिटांत आटोपलं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर त्याने लॅपटॉप उघडला, तेव्हा आमच्या सोयाबीनमधून एक पिवळा पट्टा तिरका गेलेला दिसला. आमच्या बांधाशी तो थांबत नव्हता. वरच्या बाजूला दोन, खालच्या बाजूला एक आणि आमचं, अशा चार शेतांतून तो एकसंध चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या पट्ट्यात उतरलो. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या. झाड उपटलं तर मुळं तपकिरी आणि गाठी मोजक्या. माती बोटाला मेणासारखी चिकटत होती. शिरा हिरव्या राहून कोवळं पान पिवळं पडतं ते पुष्कळदा लोह मिळत नसल्याने, आणि पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. यलो मोझॅक हा रोग असता तर पानावर पिवळे-हिरवे ठिगळ दिसले असते आणि पांढरी माशी उठली असती. नत्राची कमतरता असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. आमचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पट्ट्यात उभे राहून दोन्ही बाजूंना बघत राहिले. मग पलीकडच्या लिंबाकडे हात करून म्हणाले, "ही ओघळ हाय. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या दादांनी बुजवली. पाणी अजून त्याच वाटेनं जातंय."

मधला तुकडा चिबडतो, म्हणजे तिथे पाणी साचून राहतं, हे आबांना ठाऊक होतंच. चारही शेतकऱ्यांना आपापला तुकडा ठाऊक होता. पण चौघांचा चिबड एकच आहे, आणि एक चर काढला तर चौघांचा निचरा होईल, हे बांधावरून कधी दिसलं नव्हतं. ड्रोनने 'कुठे' ते दाखवलं. 'का' ते आबांनी आणि त्या उपटलेल्या झाडाने सांगितलं. यातलं एक काढून घेतलं तर दुसरं अर्धं राहतं. माझा सगळा युक्तिवाद त्या सकाळच्या पट्ट्यात उभा आहे.

हे तंत्र नवंही नाही आणि परकंही नाही. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पान आजारी पडू लागलं की हे गणित बिघडतं, आणि पुष्कळदा आपल्याला पिवळेपणा दिसायच्या आधी बिघडतं. या दोन प्रकाशांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलं की जो आकडा येतो तो एनडीव्हीआय, पिकाच्या हिरवेपणाचं माप. उणे एक ते एक यांच्या दरम्यानचा. आपल्या देशात १९७० च्या सुमारास केरळमधल्या नारळाच्या 'रूट विल्ट' रोगाचा माग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर फोटो काढून घेतला गेला. तो प्रयोग करणारे प्रा. पी. आर. पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. भारतीय दूरसंवेदनाचा, म्हणजे दुरून बघून माहिती काढण्याच्या तंत्राचा, पाया त्या नारळाच्या झाडांवरून फिरलेल्या हेलिकॉप्टरने घातला. म्हणजे आपल्याकडे आकाशातून दूरसंवेदनाने पाहिली गेलेली पहिली गोष्ट म्हणजे शेतकऱ्याचं आजारी पीक. अर्धशतक उलटलं तरी ती दृष्टी शेतकऱ्याला मिळालेली नाही, ही बाब मला अस्वस्थ करते.

उपग्रह आहेत की, मग ड्रोन कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्यांचा एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, जवळपास तेवढाच. उपग्रहाला एका गुंठ्याचा एक ठिपका दिसतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर. म्हणजे सगळं शेत मिळून १३४ ठिपके, आणि त्यातले कडेचे ठिपके बांध, रस्ता आणि शेजाऱ्याच्या उसात मिसळलेले. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी असं आंतरपीक असेल तर एकाच ठिपक्यात दोन्ही पिकं येतात आणि आकडा कुणाचाच राहत नाही. त्यात खरीप म्हणजे ढग. ज्या दिवसांत सोयाबीन फुलात असतं, त्याच दिवसांत ढगांमुळे उपग्रहाची चित्रं आठवडेच्या आठवडे वाया जाऊ शकतात. ढगांतून बघणारे रडार उपग्रह आहेत, पण पानाचा रंग त्यांना कळत नाही. उघडीप मिळाली त्या दोन तासांत उडवता येतं आणि तुरीची ओळ वेगळी दाखवता येते ती ड्रोननेच. उसाचं तर विचारू नका. चार-पाच महिन्यांचा ऊस झाला की मालक स्वतः आत शिरू शकत नाही. हुमणी अळीने मुळं खाल्लेले पट्टे मधोमध वाळत असतात आणि कडेचा ऊस हिरवागार असतो. बांधावर उभं राहून त्या उसाचं काय कळणार?

तरीही ड्रोनला सगळं दिसतं असं जे सांगतात ते फसवतात. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. वरून पऱ्हाटी हिरवी, टवटवीत, आणि आत सरकी पोखरलेली. तिचा अंदाज घ्यायचा तर मादीच्या गंधाने पतंग ओढणारे कामगंध सापळे लावावे लागतात, डोमकळ्या म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं मोजावी लागतात, वीस हिरवी बोंडं फोडून बघावी लागतात. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा, हा नियम माणसाने शेतात जाऊनच पाळायचा असतो. द्राक्षाचंही तसंच. केवडा रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते, घड मांडवाखाली लटकतात आणि ड्रोनला दिसतं ते मांडवाचं छप्पर. शिवाय नकाशावरचा लाल रंग म्हणजे रोग नव्हे. तिथे काहीतरी वेगळं आहे, एवढंच तो सांगतो. ते पाणी असेल, उंदीर असतील, तण असेल, पेरणीच्या वेळी तुंबलेलं पाभराचं नळकांडं असेल.

म्हणूनच मला खरी भीती वाटते ती लाल पट्टा बघून लगेच औषध सुचवणाऱ्यांची. नकाशा काढणारा आणि बाटली विकणारा एकच झाला की प्रत्येक पट्ट्यावर इलाज निघणार, आणि तो इलाज त्याच्याच गोदामात असणार. आजही पुष्कळ शेतकऱ्यांचा सल्लागार म्हणजे औषधाचा दुकानदारच. आमच्या त्या पट्ट्यावर कोणी बुरशीनाशक लिहून दिलं असतं, तर आम्ही ते मारलंही असतं, कारण संगणकावर रंगीत दिसलेल्या गोष्टीवर माणूस पटकन विश्वास ठेवतो. लागत होता तो चर. जो पाहणी करतो त्याने औषध, खत किंवा बियाणं विकू नये, असा स्पष्ट नियम झाला पाहिजे. आणि पाहणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात उतरणारा माणूस हवा. तो कृषी सहायक असेल, उत्पादक कंपनीचा शिकलेला मुलगा असेल, बचत गटातली ताई असेल. ड्रोन आला म्हणून कृषी सहायकांची पदं रिकामी ठेवायची असतील, तर तो ड्रोन नको. सगळं शिवार तुडवण्याऐवजी नेमक्या पाच जागी जाऊन झाड उपटून बघता यावं, यासाठी हे यंत्र आहे.

आता पुराव्याबद्दल. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज बांधताना दूरसंवेदनाने काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं, नंतर त्यात सोयाबीनही आलं. उरलेलं वजन पीक कापणी प्रयोगाचं. सोयाबीनच्या प्रयोगात दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा कापून, मळून, तोलून बघतात. तुकडा अर्ध्या गुंठ्याचा, आणि अशा थोड्या तुकड्यांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पादन ठरतं. मंडळात कितीतरी गावं असतात. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून तर स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरच्या नुकसानीची वैयक्तिक भरपाईच योजनेतून काढली गेली. आता विमा मिळणार तो फक्त मंडळाच्या सरासरीवर. म्हणजे गुंठ्यागुंठ्याची स्थिती बघणारं तंत्र हाताशी आलं, त्याच काळात विम्याने शेतकऱ्याच्या शेताकडे बघणं सोडलं. नदीकाठच्या ज्याच्या शेतातून पाणी गेलं त्याचं पीक शून्य, माळावरच्याचं बरं, सरासरी ठीक, भरपाई नाही. वैयक्तिक दावे तपासणं महाग पडतं, त्यात गैरप्रकार होतात, अशी कारणं दिली जातात. दोन्ही कारणं खरी मानली तरी त्यावरचा इलाज आधीचा आणि नंतरचा फोटो हाच आहे. खोटा दावा त्या फोटोत टिकत नाही, आणि खरा दावा नाकारताही येत नाही.

इथे 'आधीचा' या शब्दावर मला भर द्यायचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात जे पाणी आलं, त्याने पिकाबरोबर जमीनही नेली. खरडून गेलेल्या जमिनीसाठी सरकारने हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत मदत जाहीर केली. पण खरडलेल्या शेतात उभं राहून इथे आधी माती किती होती, बांध कुठून कुठे गेला होता, हे सांगायला शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दाखेरीज काही नसतं. मे महिन्यात रानं मोकळी असतात, आभाळ स्वच्छ असतं, बांध, चर, विहिरी, ओघळी स्पष्ट दिसतात. दर वर्षी त्या वेळी प्रत्येक गावच्या शिवारावरून एकदा ड्रोन फिरवावा आणि ते चित्र ग्रामपंचायतीत, गट नंबरांच्या रेघा मारून, सगळ्यांना बघायला ठेवावं. ड्रोनच्या फोटोंवरून जमिनीचे चढउतारही काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजता येतात, तेव्हा पुरानंतर पुन्हा एकदा उडवलं की किती माती गेली ते घनमीटरमध्ये निघतं. खरिपात आणखी दोन उड्डाणं पुरतील, पेरणीनंतर महिनाभराने एक आणि शेंगा भरताना एक.

हे स्वप्नरंजन नाही, कारण अर्धं काम सरकारने करून झालेलं आहे. स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने गावठाणांवरून ड्रोन उडवून घराघराचे नकाशे केले. त्याची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने केलेल्या प्रयोगातून झाली होती. ड्रोन गावठाणाच्या हद्दीपर्यंत आला आणि शिवाराच्या तोंडावरून परत गेला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. शेतकरी उत्पादक संस्थांना प्रात्यक्षिकासाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपला शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो भरतो आहे, नेटवर्क नसलं तर झाडावर चढून भरतो आहे. जो स्वतःच्या शेताची माहिती इतक्या कष्टाने वर पाठवतो, त्याला वरून काय दिसलं ते कळवायचं कर्तव्य सरकारचं नाही का?

खर्चाचा मुद्दा उरतो. प्रत्येक शेतकऱ्याने ड्रोन घ्यावा असं कोणीच म्हणत नाही. दीड-दोन हेक्टरवाल्याला ते परवडणारही नाही आणि गरजही नाही. ट्रॅक्टर जसा गावात भाड्याने मिळतो तसं हेही मिळेल. फवारणीसाठी ज्या बचत गटांना ड्रोन दिले, त्याच गटांना एक हलका कॅमेऱ्याचा ड्रोन आणि नकाशा वाचायचं प्रशिक्षण दिलं तर वर्षभराचं काम उभं राहील. फवारणीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो.

पण लोकांचा विश्वास बसल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी रात्री डोक्यावर फिरणाऱ्या ड्रोनच्या भीतीने जागता पहारा दिला. चोर टेहळणी करतात म्हणून बोललं जात होतं. घरावरून न विचारता कोणी बघत फिरावं, हे कुणाला आवडेल? आमच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी त्या मुलाने देवळाच्या भोंग्यावरून वेळ सांगितली, कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणाला, म्हणून सगळे बघायला आले. उड्डाण दिवसा, सांगून, गावसभेच्या संमतीने व्हावं. ज्याच्या शेताचं चित्र आहे त्याच्या परवानगीशिवाय ते कर्ज देणाऱ्याला, बियाणं कंपनीला किंवा व्यापाऱ्याला मिळू नये. समजा, कुठल्या तालुक्यात यंदा सोयाबीन किती येणार, हे व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या महिनाभर आधी कळलं, तर भाव कोण पाडेल? शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, सातबारा आणि पिकाची नोंद आता एकमेकांना जोडली जात आहे. त्यात आकाशातलं चित्रही जोडलं जाणार हे दिसतंच आहे. ते जोडायच्या आधी ही अट कायद्यात बसली पाहिजे.

आमच्या त्या प्रात्यक्षिकाचा नकाशा आबांनी तालुक्याला जाऊन मोठ्या कागदावर छापून आणला होता. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्या जुन्या ओघळीच्या खालच्या टोकाची माती गेली, बांधासकट. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, आणि त्याच्यासोबत तो कागद. बांध कुठे होता ते बोटाने दाखवलं. आलेला माणूस भला होता. सकाळपासून चार गावं करून आला होता, बूट चिखलाने भरलेले होते. कागद त्याने दोन्ही हातांनी धरून नीट बघितला. "काका, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण नमुन्यात याला रकाना नाही."

आबांनी कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. परवा त्यांनी ड्रोनवाल्या मुलाला फोन लावून विचारलं, मेमध्ये येशील का, चौघं मिळून पैसे भरतो.